कर्ते अनेक, साधने मोजकी : संगणकीय व्यवस्थांची गणिती पडताळणी

आपल्या मुळशी तालुक्याची ओळख बाहेरच्या जगाला प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे आहे. पहिली मुळशीचे धरण, आणि दुसरी हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान संकुल. धरणाच्या जमिनीसाठी १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, हा इतिहास आपणांस ठाऊक आहेच. हे पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजगृहात जाते. एकच पाणी आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक, ही गोष्ट या मातीला नवीन नाही. हिंजवडीत मात्र आपल्या घरांतील मुले-मुली रोज बसने जातात आणि संगणकासमोर बसून जे काम करतात, त्याचा पाण्याच्या वाटपाशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध आहे, आणि तो समजावून घेणे आपल्या हिताचे आहे. हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

एजंट म्हणजे कोण ?

एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा किंवा घरजागेचा एजंट आठवतो. संगणकशास्त्रात हा शब्द थोड्या निराळ्या अर्थाने वापरतात. जो आजूबाजूची परिस्थिती पाहतो, स्वतः निर्णय घेतो आणि त्याप्रमाणे कृती करतो, तो एजंट. मग तो माणूस असो, यंत्रमानव असो, की पाण्याच्या नळावर बसवलेले एखादे स्वयंचलित यंत्र असो. या लेखात आपण त्याला 'कर्ता' म्हणू. असे अनेक कर्ते एकाच व्यवस्थेत काम करू लागले की ती 'बहुकर्ता व्यवस्था' होते. गोदामात माल उचलणारे यंत्रमानव, एकत्र उडणारी ड्रोन विमाने, शेतातील ओलावा मोजून एकमेकांना निरोप देणारी उपकरणे ही याची उदाहरणे होत.

या प्रत्येकाजवळची साधने मोजकीच असतात. बॅटरी संपते, स्मृती भरते, निरोप पाठवण्याचा मार्ग एकच असतो, वेळ थोडा असतो. म्हणून खरा प्रश्न 'हे काम होईल काय' एवढाच नसून 'पदरी असलेल्या साधनांत हे काम होईल काय' असा असतो.

चाचणी आणि पडताळणी यांतील फरक

संगणकाच्या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्या अनेक तरुणांच्या वाट्याला प्रथम चाचणीचे, म्हणजे टेस्टिंगचे काम येते. कार्यक्रम चालवून पाहावयाचा, चुकला तर नोंद करावयाची. हे काम आवश्यकच आहे. परंतु नेदरलँड्सचे थोर संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी फार पूर्वीच एक गोष्ट ध्यानात आणून दिली : चाचणीने दोष आहे हे दाखवता येते, दोष नाही हे दाखवता येत नाही. शंभर वेळा पूल ओलांडला म्हणून एकशे एकाव्या वेळी तो टिकेलच, असे म्हणता येत नाही.

गणिती पडताळणीचा मार्ग वेगळा आहे. तीत व्यवस्थेचे एक नेमके गणिती चित्र काढतात. त्या व्यवस्थेने काय पाळले पाहिजे, तो गुणधर्म तर्कशास्त्राच्या भाषेत लिहितात. मग व्यवस्थेच्या प्रत्येक शक्य स्थितीत तो गुणधर्म टिकतो की नाही, हे तपासतात. काळाचा विचार करणारे तर्कशास्त्र संगणकाच्या कार्यक्रमांना लावण्याची वाट अमीर प्नुएली यांनी १९७७ साली दाखवली. पुढे १९८१ च्या सुमारास एडमंड क्लार्क व ॲलन इमर्सन यांनी अमेरिकेत आणि जोसेफ सिफाकिस यांनी फ्रान्समध्ये हे तपासणीचे काम संगणकाकडूनच करून घेण्याची पद्धत शोधली. तिला 'मॉडेल चेकिंग' म्हणतात. या तिघांना २००७ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

केवळ चाचणीवर विसंबल्याने काय होते, याचे एक बोलके उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक पुनःपुन्हा बंद पडून नव्याने सुरू होऊ लागला. यानातील एकच माहितीमार्ग अनेक कामांना वापरावयाचा होता. हवामानाची नोंद घेणारे कमी महत्त्वाचे काम तो मार्ग अडवून बसे. तेवढ्यात मध्यम महत्त्वाचे काम येऊन त्यालाच थांबवी. परिणामी सर्वांत महत्त्वाचे काम ताटकळत राही. प्रत्येक काम आपापल्या जागी बरोबर होते, चूक होती ती वाटून घेण्याच्या नियमात. पृथ्वीवरील चाचण्यांत याची चाहूल लागली होती, पण दोष हाती लागला नव्हता. अखेरीस पृथ्वीवरून सूचना पाठवून नियम बदलला, तेव्हा यान सुरळीत चालू लागले.

एक टाकी, तीन वस्त्या

आता हीच गोष्ट आपल्या परिचयाच्या उदाहरणाने पाहू. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण हिशेब खरा आहे.

समजा, डोंगरउतारावर एका नळाने तीन वस्त्यांना पाणी जाते : वरची वाडी, मधली आळी आणि खालची वस्ती. प्रत्येकीची टाकी १ मापाची आहे आणि प्रत्येकीला रोज १ माप पाणी हवे. मुख्य टाकीत मात्र रोज २ मापेच पाणी येते. म्हणजे रोज कोणीतरी एक राहणार, हे उघड आहे. प्रश्न एवढाच की कोण आणि कितीदा.

पहिला नियम असा : पाणी ज्याच्या दारी आधी पोचेल त्याने घ्यावे. कोणी तपासणीस एखाद्या दिवशी येऊन पाहील तर त्याला तीनपैकी दोन वस्त्यांना पाणी मिळालेले दिसेल आणि तो समाधानाने परत जाईल. परंतु पडताळणीत आपण विचारतो : 'प्रत्येक वस्तीला कधी ना कधी पाणी मिळतेच काय ?' उत्तर येते, नाही. खालच्या वस्तीला कधीच मिळत नाही.

दुसरा नियम करू : काल जो राहिला त्याला आज प्रथम द्यावे, उरलेले माप वरून खाली या क्रमाने द्यावे. येथे 'काल कोण राहिले' एवढेच लक्षात ठेवावे लागते, म्हणून स्थिती चारच : कोणीच नाही, वरची, मधली, खालची. आपण विचारतो : 'कोणतीही वस्ती सलग दोन दिवस कोरडी राहत नाही ना ?' चारही स्थिती तपासल्या असता उत्तर मिळते, राहत नाही. गुणधर्म सिद्ध झाला. पण वाचकांनी कागदावर पाच-सहा दिवस मांडून पाहावेत. पहिल्या दिवशी खालची राहते, दुसऱ्या दिवशी मधली, तिसऱ्या दिवशी पुन्हा खालची, चौथ्या दिवशी पुन्हा मधली. वरची वाडी कधीच राहत नाही ! सिद्धता बरोबर आहे, तरीही वाटप समान नाही. कारण समान वाटपाचा प्रश्न आपण विचारलाच नव्हता.

तिसरा नियम : राहण्याची पाळी क्रमाने फिरवावी. पहिल्या दिवशी खालची, दुसऱ्या दिवशी मधली, तिसऱ्या दिवशी वरची. आता 'कोणत्याही सलग तीन दिवसांत प्रत्येकीला दोन दिवस पाणी' हा गुणधर्म टिकतो. समता हवी असेल तर समतेचाच गुणधर्म लिहावा लागतो, तो आपोआप येत नाही.

गटाचे सामर्थ्य आणि पुण्यात जन्मलेला शास्त्रज्ञ

परंतु नियम कागदावर असून भागत नाही. वरच्या वाडीने तो पाळला नाही तर ? मधली आणि खालची मिळून, वरचीने काहीही केले तरी, तो नियम अमलात आणू शकतील काय ? हा प्रश्न सामर्थ्याचा आहे.

नेमका हाच प्रश्न लिहिण्यासाठी राजीव अलूर, थॉमस हेन्झिंगर आणि ओर्ना कुप्फरमान यांनी १९९७ साली एक नवे तर्कशास्त्र मांडले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'एटीएल' म्हणतात. 'अमुक गटाला, इतरांनी काहीही केले तरी, अमुक गोष्ट घडवून आणता येते' अशी विधाने त्यात लिहिता येतात आणि संगणकाकडून तपासून घेता येतात. यातील राजीव अलूर यांचा जन्म पुण्याचा. कानपूरच्या आयआयटीत शिकून ते अमेरिकेत गेले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २०२४ साली त्यांना नूथ पारितोषिक मिळाले.

मुभा असणे आणि सामर्थ्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगावयास नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक एकत्र येऊन तळ्यावर गेले, तेव्हा ते पाणी प्रत्यक्ष ओंजळीत आले. ठरावात 'मुभा' होती, 'गटाचे सामर्थ्य' तेव्हा दिसले. तर्कशास्त्राने ही दोन विधाने वेगवेगळी लिहावयास शिकवले, एवढेच.

साधनांचा हिशेब

एटीएलमध्ये एक उणीव होती. त्यात कर्त्याची प्रत्येक कृती जणू फुकट आहे असे धरलेले होते. खऱ्या जगात कृतीला खर्च येतो. म्हणून नताशा अलेचिना, ब्रायन लोगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली साधनांचा हिशेब ठेवणारे एटीएल मांडले. निल्स बुलिंग व बेर्न्ड फार्वर यांनीही त्याच सुमारास या दिशेने काम केले. आता प्रश्न असा झाला : 'अमुक गटाला, एवढ्या साधनांत, इतरांनी काहीही केले तरी, अमुक गोष्ट घडवून आणता येते काय ?' या एका वाक्यातील 'एवढ्या साधनांत' हे दोन शब्द केवढे महत्त्वाचे आहेत, ते पुन्हा आपल्या उदाहरणातच पाहू.

समजा, वरच्या वाडीच्या फाट्यावर विजेवर चालणारी झडप बसवली आणि तिची किल्ली मधल्या व खालच्या वस्तीच्या संयुक्त ताब्यात दिली. दर तिसऱ्या दिवशी ती बंद करावयाची. एकदा बंद करून पुन्हा उघडण्यास १ माप वीज लागते. बॅटरी २ मापांची, सुरुवातीला पूर्ण भरलेली. सौर पत्र्यामुळे ऊन पडेल त्या दिवशी १ माप वीज भरते, ढगाळ दिवशी काहीच नाही. वीज अमर्याद असती तर उत्तर सरळ होते : होय, दोन्ही वस्त्या मिळून समान वाटप राखू शकतात. पण आता आभाळही एक कर्ता झाले आहे, आणि ते आपल्या विरुद्ध आहे असे धरूनच चालावे लागते.

मुळशीच्या पावसाळ्यात सूर्याचे दर्शन किती दुर्मिळ असते ते आपण जाणतोच. तरी आपण उदार होऊन धरू की सलग ६ दिवसांपेक्षा जास्त काळ ऊन जात नाही. पाळीचे ३ दिवस, बॅटरीच्या ०, १, २ अशा ३ पातळ्या आणि ऊन गेल्याला झालेले ० ते ६ दिवस असे ७ प्रकार, मिळून ३ × ३ × ७ म्हणजे ६३ स्थिती होतात. सहा दिवसांत झडप दोनदाच बंद करावयाची आणि बॅटरीही दोन मापांची, तेव्हा पुरेल असे कोणालाही वाटेल. परंतु ६३ स्थितींतून फिरून पाहिले की पुढील वाट सापडते. पहिले सहा दिवस ढग. तिसऱ्या व सहाव्या दिवशी झडप बंद झाली, बॅटरी शून्य. सातव्या दिवशी ऊन, बॅटरी १. पुन्हा ढग. नवव्या दिवशी झडप बंद झाली, बॅटरी शून्य. बाराव्या दिवशी झडप हलतच नाही, आणि समान वाटप तेथेच मोडते. आपली अट मात्र कुठेही मोडलेली नाही.

अशा वाटेला 'प्रत्युदाहरण' म्हणतात, आणि मॉडेल चेकिंगचे सर्वांत मोठे देणे हेच आहे. नुसते 'चूक' असे न सांगता ते चूक कशी घडते ते पाऊलागणिक दाखवते.

मग मोठी बॅटरी घ्यावी काय ? २१ दिवसांचा हिशेब करा. सहा दिवस ढग व एक दिवस ऊन असे तीन आठवडे गेले तर वीज भरली ३ मापे आणि खर्च झाली ७ मापे. प्रत्येक तीन आठवड्यांना ४ मापांची तूट. म्हणजे बॅटरी कितीही मोठी आणली तरी ती अपयश पुढे ढकलेल, टाळणार नाही. उपाय दुसराच आहे : बॅटरी ३ मापांची घ्यावी आणि एका दिवसाच्या उन्हात ती पूर्ण भरेल एवढे सौर पत्रे बसवावेत. कोणत्याही सलग ७ दिवसांत झडप जास्तीत जास्त तीनदाच बंद करावी लागते, आणि दोन उन्हांच्या मध्ये सहाहून अधिक दिवस जात नाहीत, म्हणून वीज कधीच कमी पडणार नाही. ही झाली सिद्धता. तिला शंभर पावसाळे वाट पाहावी लागत नाही.

या पद्धतीच्या मर्यादा

कोणत्याही शास्त्राची मर्यादा सांगितल्याशिवाय त्याची ओळख पूर्ण होत नाही.

१) स्थितींची संख्या भयंकर वेगाने वाढते. उघडी किंवा बंद अशा दोनच अवस्था असलेल्या १० झडपा असतील तर १,०२४ स्थिती, २० असतील तर १०,४८,५७६ आणि ३० असतील तर १,०७,३७,४१,८२४. यावर उपाय म्हणून स्थिती एकेक न मोजता त्यांचे समूह एकदम हाताळण्याची युक्ती निघाली. १९९० साली एकावर वीस शून्ये एवढ्या स्थिती तपासता येतात असे दाखवले गेले. तरी ही अडचण पूर्णपणे संपलेली नाही.

२) साधने खर्चही होतात आणि नव्याने निर्माणही होतात, अशा व्यवस्थांच्या काही प्रकारांत प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संगणकीय रीतीने नेहमी काढता येणारच नाही, असे बुलिंग व फार्वर यांनी २०१० साली सिद्ध केले. म्हणून प्रश्न कसा मर्यादित करावा, साठ्याला कमाल सीमा कशी घालावी, हेही या शास्त्राचे अंग आहे.

३) सिद्धता चित्राची होते, प्रत्यक्ष नळाची नाही. नळ फुटला आणि चित्रात नळ फुटणे नसेल, तर सिद्धता आपल्याला वाचवणार नाही.

४) जे विचारले तेच तपासले जाते. दुसऱ्या नियमात वरच्या वाडीचे फावले ते यामुळेच.

हे काम आपल्याकडे

हे सारे परदेशातच चालते असे कोणी समजू नये. पुण्यात १९८१ साली टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र सुरू झाले. टीसीएसच्या पुण्यातील संशोधकांनी 'व्हेरिॲब्स' हे पडताळणीचे साधन तयार केले आणि ते आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परितोष पंड्या यांनी काळाच्या अटी तपासणारे साधन घडवले. मुंबईच्या आयआयटीत सुप्रतीक चक्रवर्ती व त्यांचे सहकारी या विषयात काम करीत आले आहेत. या विषयाची 'एटीव्हीए' ही आंतरराष्ट्रीय परिषद ऑक्टोबर २०१७ मध्ये पुण्यातच भरली होती.

विद्यार्थ्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या गणितात तर्कशास्त्राचे जे प्रकरण आहे, ज्यात 'आणि', 'किंवा', 'जर-तर' यांची सत्यता सारणी करतात, तेथूनच या विषयाची वाट सुरू होते. गुणांसाठी पाठ करून सोडून देण्याचे ते प्रकरण नव्हे. त्याच्या पुढे आलेख, मोजणी आणि थोडे कार्यक्रमलेखन आले, की लहान व्यवस्था स्वतः तपासता येते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तयार झालेले 'एमसीमास' हे बहुकर्ता व्यवस्था तपासणारे साधन अभ्यासासाठी उपलब्ध आहे. त्याआधी वर दिलेल्या ६३ स्थिती वहीवर मांडून पाहाव्यात, ही विनंती.

जे या क्षेत्रात जाणार नाहीत त्यांच्याही उपयोगाची एक गोष्ट यात आहे. पाणी, वीज, धान्य यांच्या वाटपात यंत्रांचा शिरकाव होत आहे आणि तो वाढणार आहे. 'संगणकाने ठरवले' असे कोणी सांगितले की आपण गप्प बसतो. यापुढे गप्प न बसता तीन प्रश्न विचारावेत : यात कोणता गुणधर्म तपासला आहे ? कोणाकोणाला कर्ता म्हणून धरले आहे ? आणि साधने किती धरली आहेत ? ज्याचा प्रश्न लिहिलाच गेला नाही, त्याची वस्ती कोरडी राहूनही व्यवस्था निर्दोष ठरू शकते. तेव्हा आपल्या मुलामुलींनी केवळ दुसऱ्याने लिहिलेले प्रश्न तपासण्यापुरते हिंजवडीला न जाता, ते प्रश्न लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसावे, हीच सदिच्छा.